अकरा भांडी, चार दिवस

मामीने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. ओट्यावर ओळीने मांडलेली अकरा भांडी. सहा स्टीलचे डबे, झाकणाची दोन पातेली, एक किटली, एक हिरव्या झाकणाची बरणी आणि एक पितळी डबा. खाली एवढंच लिहिलेलं : "आत्यांची देणी." आत्या म्हणजे तिच्या सासूबाई, माझी आजी.

आजीला जाऊन वर्ष झालं. त्याआधी सव्वा वर्ष ती अंथरुणावर होती. न्हाणीत पाय घसरून खुबा मोडला, ऑपरेशन झालं, पण पुन्हा अंगणापर्यंतसुद्धा ती आपल्या पायांनी गेली नाही. त्या सव्वा वर्षात तिला बघायला माणसं येत राहिली, आणि आमच्याकडे आजारी माणसाला बघायला कुणी रिकाम्या हाताने जात नाही. कुणी शिरा आणला, कुणी मुगाची खिचडी, कुणी नुसतंच सार. खाणं संपायचं, भांडं राहायचं. भांडं रिकामं परत द्यायचं नाही ही आजीची सक्त ताकीद, आणि भरून द्यायला मामीला सवड कुठली? गोठा, रान, दोन पोरांच्या शाळा आणि आजीचं उठवणं-बसवणं. भांडी फळीवर चढत गेली. आजी पडल्या पडल्या ती मोजायची. शेवटी शेवटी बोलणं तुटक झालं होतं, नातवंडांची नावं इकडची तिकडे व्हायची, पण "किटली साताऱ्याची हाय" हे अगदी स्वच्छ यायचं.

वर्षश्राद्ध झालं तसा मामा म्हणाला, आता ही पोचती करून टाकू. मे महिना होता, मामीचं वाळवण झालेलं होतं. तिने एकेक भांडं भरलं : कुरडया, सांडगे, शेवया, येसर मसाला. मी पुण्यातून चार दिवसांची रजा टाकली.

दिवस पहिला : सातारा, कास, बामणोली

सकाळी सहाला स्वारगेटहून एसटी. खंबाटकी घाटात गाडी तापली नाही, एवढंच त्या प्रवासाचं कौतुक. साताऱ्यात करंज्याला थोरल्या मावशीकडे मामा आणि आई माझ्याआधीच पोचले होते. मामाच्या जुन्या व्हॅगनआरची डिकी उघडली तर प्रत्येक भांडं आजीच्या फाटक्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं, वर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर बॉलपेनने गावाचं नाव. फक्त पितळी डब्यावर काही नाही.

तो सापडला होता आजीच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या तळाशी, एका खणात गुंडाळलेला. बुडावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं : व. शे. १॥. कुणी कधी पाहिलेला नाही.

"आईनं एवढा जपलाय म्हणजे दुसऱ्याचाच असणार," मावशी म्हणाली.

यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं. स्वतःची भांडी आजी आपटायची, राखेने खरवडायची, एका पातेल्याला पोचा पडला तर दुसरीकडून ठोकून सरळ करायची. दुसऱ्याचं भांडं आलं की मात्र ते चिंचेने घासून, पुसून, उन्हात पालथं. तर मग कोण हे व. शे.? शेटे, शेवाळे की शेख? पुढचं १॥ म्हणजे मामाच्या मते घरातल्या डब्यांचा नंबर. आजी सोळा वर्षं सांगलीत आमच्याकडे राहिली, म्हणजे तिथलंच कुणीतरी, असं ठरलं आणि डबा डिकीत पार तळाशी गेला.

किटली मावशीच्या शेजारणीची. शेजारीण घरी नव्हती, सुनेने घेतली आणि झाकण उघडून हसायला लागली. किटलीत शेवया! रिकामी द्यायची नाही एवढंच मामीला ठाऊक, कशात काय जावं याचे नियम तिने पाळले नव्हते.

अकराच्या सुमारास यवतेश्वरचा घाट चढलो. कासचं पठार मे महिन्यात ओळखू येत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात जिथे लोक तिकीट काढून फुलं बघतात, २०१२ साली जागतिक वारशात गेलेलं हेच ते, यावर विश्वास बसू नये असा काळा-तांबडा कातळ आणि वाळून कोळ झालेलं गवत. मला ते तसंच आवडतं. साताऱ्याला पाणी पाजणारा तलाव मागे टाकला की रस्ता खाली उतरायला लागतो, आणि मग एका वळणावर कोयना धरणाचा शिवसागर जलाशय दिसतो. गाडीत सगळे गप्प झाले.

आजीचं माहेर ह्या पाण्याखाली आहे. पंधराव्या वर्षी लग्न होऊन ती डोंगरापलीकडे तारळी नदीच्या काठाला आली. पहिल्या पंचमीला माहेरी जाऊन झोका खेळून आली. पुढे दोन-तीन वर्षांत कोयनेचं पाणी चढलं आणि जावळीच्या खोऱ्यातली गावंच्या गावं उठली. कुणाला सोलापूरकडे जमिनी मिळाल्या, कुणाला ठाणे-रायगडकडे, कुणी हलायचं नाही म्हणून तिथेच डोंगराला वर सरकलं. पुढे १९८५ साली अभयारण्य आलं, २०१० साली व्याघ्र प्रकल्प, आणि वर सरकलेल्यांतल्या कितीतरी जणांना पुन्हा उठावं लागलं. आजीचे भाऊ सोलापुराकडे गेले. तिकडे ती दोनदाच गेली. "तितं माझं काय हाय? नुसती भावं," म्हणायची. भाऊ म्हणजे माहेर नव्हे, हे तिच्याकडून ऐकल्यावर मला पहिल्यांदा कळलं.

सासरच्या घरी वीज आली ती बरीच उशिरा. तोवर ती कंदिलाच्या उजेडात म्हणायची, "आमच्या बुडाल्याल्या चुलीवर ममईचं पंखं फिरत्यात." आणि दर पावसाळ्यात मामाने पेपर उघडला की विचारायची, कोयना किती? मामा आकडा वाचायचा. धरण १०५ टीएमसीचं, आकडा ऑगस्टात नव्वदीच्या पुढे जायचा. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण तिचा स्वतःचा हिशेब होता. चाळीस म्हटलं की "आमचं खळं गेलं." साठ म्हटलं की "देवळाचा कळस गेला." हा हिशेब बरोबर होता की नाही ते कोण तपासणार.

बामणोलीत आजीच्या चुलतभावाची सून आहे. पर्यटकांना जेवण करून देते, शनिवार-रविवारी उसंत नसते. आजीला बघायला ती एवढा घाट चढून-उतरून आली होती, नाचणीच्या भाकरी आणि खेकड्यांचा रस्सा घेऊन. आजाऱ्याला खेकडे! डॉक्टरांनी ऐकलं असतं तर. आजीने मात्र त्या दिवशी दोन वाट्या रस्सा भुरकला आणि रात्रभर कुणाला झोपू दिलं नाही, माहेरच्या गोष्टी सांगत बसली.

"वन्सं, कशाला आणायचा हो डबा," म्हणत तिने आईच्या हातून तो घेतला, आत गेली, येसर काढून घेतला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात दुसरा डबा. करवंदांचा.

"अगं, आता हा परत कोण आणणार?" आई म्हणाली.

"येशीला की मग," वहिनी म्हणाली. तिचं बरोबर होतं. आम्ही इथे आठ वर्षांनी आलो होतो.

मामाला खाली जायचं होतं. पाणी बरंच आत गेलेलं, काठाला भेगाळलेला तांबडा गाळ, त्यावर तिरक्या झालेल्या लाँचा. नावाड्याला विचारलं, जुन्या घरांची जोती दिसतात का. तो पाण्याकडे बघून म्हणाला, "आजून पंधरा-वीस फूट उतराय पायजे. गेल्या साली दिसली हुती." मामा थोडा वेळ उभा राहिला. मग चपलेला चिकटलेला गाळ दगडाला पुसत म्हणाला, चला, अंधाराच्या आत घाट चढू.

दिवस दुसरा : कराड, मग तारळीकाठ

साताऱ्याहून निघताना मावशीही गाडीत बसली. मावसोबांना तिने दोन दिवसांचा स्वयंपाक करून ठेवला होता. कंदी पेढे घेतले, कारण साताऱ्याहून जाऊन पेढे नाहीत असं चालत नाही.

उंब्रजच्या आसपास दोन पातेली पोचवायची होती. पहिल्या घरी चहा झाला आणि आमच्या हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी पडली. पिशवीला परतफेड नसते, त्यामुळे आई खूश. दुसऱ्या घराला कुलूप. पोरं मुंबईला, म्हातारी त्यांच्याकडे. शेजारी पातेलं ठेवलं, आणि आईने शेजारणीला तीन वेळा बजावलं की आत सांडगे आहेत, मुंग्या लागतील.

कराडला आधी प्रीतिसंगमावर गेलो. कृष्णा आणि कोयना इथे समोरासमोर येऊन एकमेकींना भिडतात आणि मग दोघी मिळून पूर्वेला वळतात. यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी सहलीची पोरं होती. आजी दवाखान्याच्या, नाहीतर बाजाराच्या निमित्ताने कराडला आली की संगमावर यायचीच, आणि पाय धुवायचे ते कोयनेच्या बाजूला. "ही माझ्या अंगानं आलीया." मोठी झाल्यावर मी वाचलं की कोयनेचं बरंचसं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला उतरतं, पोफळीला वीज करतं आणि वाशिष्ठीला मिळून कोकणात जातं, इकडे येतं ते धरणातून सोडलेलं आणि खालच्या ओढ्या-नाल्यांचं. हे मी आजीला सांगितलं नाही. अशा वेळी गप्प बसावं इतकी अक्कल तेव्हा मला होती, एरवी नसायची.

कराडला डबा द्यायचा होता तो कंडक्टरकाकांचा. त्यांच्याबद्दल लिहायचं, तर आधी मामाच्या जेवणाच्या डब्याबद्दल लिहायला हवं.

आजोबा मुंबईला मशीद बंदराला माथाडी कामगार. जत्रेला आणि गणपतीला गावी यायचे, एरवी मनिऑर्डर. १९६९ साली माथाडींचा कायदा झाला आणि पाठीवरच्या ओझ्याला हळूहळू काहीतरी हिशेब आला, पण गावाकडे तीन पोरं आणि दीड एकर रान आजीच्याच अंगावर. मामा धाकटा. सातवीनंतर त्याला कराडला घातलं. तिथे चार पोरांनी मिळून एक खोली घेतली. आणि गावाहून रोज सकाळी सातच्या एसटीने डबा जायला लागला.

हे आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सातारा-सांगलीकडे तेव्हा शिकायला बाहेर राहिलेल्या पोरांची जेवणं एसटीवर चालायची. आया पहाटे उठून भाकरी थापायच्या, डबा कापडी पिशवीत घालायच्या, पिशवीवर रंगीत दोऱ्याने गाव आणि नाव. पिशवी गाडीत पुढे, ड्रायव्हरच्या मागच्या दांडीला अडकवायची. कराडच्या स्टँडवर पोरं वाट बघत उभी. संध्याकाळच्या गाडीने रिकामा डबा परत.

मामाच्या डब्यात तीन भाकरी, एका वाटीत कालवण, झाकणात चटणी. पाच वर्षं. आठवी ते बारावी. तारळीला पूर आला आणि पुलावरून पाणी गेलं की गाडी गावात यायची नाही, मग आजी पलीकडच्या वाटेने, डोक्यावर खोळ घेऊन, चालत हायवेला यायची आणि मिळेल त्या गाडीत डबा द्यायची. मामा सांगतो, एकदा भाकरी भिजून पिठलं झालं होतं, पण डबा आला होता.

आणि रिकाम्या डब्यात चिठ्ठी यायची. "उद्या वांगं नको." "चटणी जादा, पोरं मागतात." "परीक्षेची फी ३५ रुपये." आजीला वाचता येत नव्हतं. चिठ्ठी वाचून दाखवायची माझी आई, जिची शाळा सातवीत सुटली होती.

कंडक्टरकाका आता ऐंशीच्या पुढे आहेत, कराडला मुलाकडे असतात. त्या मार्गावर ते बरीच वर्षं होते. आजीला बघायला दोनदा येऊन गेले, दुसऱ्यांदा शिऱ्याचा डबा घेऊन. आम्ही गेलो तेव्हा अंगणात खुर्ची टाकून बसले होते, कानाला यंत्र. मामाला बघून म्हणाले, "तीन भाकरी."

मग ते सुरू झाले. दांडीला आठ-नऊ डबे असायचे. गाडी वळणावर कलली की सगळे एकदम वाजायचे, टणटणटण. उतारू म्हणायचे, घंटेची गरजच न्हाई. झाकण न उघडता त्यांना कळायचं आज कुणाकडे काय शिजलंय. "आक्काच्या पिशवीला येसराचा वास. लांबनं यायचा." गुरुवारी आजी एक भाकरी फडक्यात वेगळी बांधून द्यायची, ड्रायव्हर-कंडक्टरसाठी. तिकिटाचं काय, असं त्यांनी पहिल्यांदा विचारलं होतं. आजी म्हणाली होती, भाकरीला कसलं तिकीट, ती काय शीटवर बसतीया?

आम्ही सगळे हसलो. मावशी हसली नाही.

"पाच वर्षं," ती म्हणाली. "पाच वर्षं पहाटं चारला उठून भाकऱ्या कुणी थापल्या? मी. माझं लगीन होईस्तवर मी, मग हिनं. मला सातवीतनं काढली. गुरुजी दोनदा घरी आलते सांगायला. माझ्यासाठी कुठल्या गाडीला डबा लागला न्हाई कधी."

कंडक्टरकाकांना ऐकू आलं की नाही कळलं नाही, त्यांनी यंत्राशी चाळा केला. मामा पायाच्या अंगठ्याने फरशी घासत होता. आईने मावशीच्या पाठीवर हात ठेवला, मावशीने तो झटकला नाही पण तिला तो नको होता. आतून चहा आला.

आजीबद्दल लिहायला बसले तेव्हा हे घालू की नको, असं वाटलं. पण मायाळू, कष्टाळू, सगळ्यांसाठी झिजलेली असं म्हणून तिचा फोटो भिंतीवर लावला की मावशी त्या फोटोत बसत नाही. आजी झिजली हे खरंच. पण ती सगळ्यांसाठी सारखी झिजली नाही.

निघताना काकांच्या सुनेने डबा परत दिला. आत गव्हाची खीर.

रात्री गावी. घर आजोबांच्या वडलांनी बांधलेलं, मधल्या खोलीच्या भिंतीत वरपासून खालपर्यंत एक चीर आहे. ती ११ डिसेंबर १९६७ ची. कोयनेचा भूकंप पहाटे झाला. मावशी तेव्हा काही महिन्यांची, आढ्याला टांगलेल्या झोळीत. आजी सांगायची, झोळी अशी हिंदकळली की तिला वाटलं कुणी मुद्दाम झोका देतंय. तिने पोर काढलं आणि बाहेर पळाली, सासू आतच राहिली म्हणून परत गेली, पोर उकिरड्यावर ठेवून. पुढे आठ-दहा दिवस सगळं गाव खळ्यात झोपलं. चीर नंतर लिंपली, पण दरवर्षी पावसाळ्यात ती पुन्हा दिसतेच. मावशी त्या रात्री त्याच खोलीत झोपली.

मामीने शेजारच्या काकूंचा डबा स्वतःच नेऊन दिला होता. जेवणं झाल्यावर ती भांडी विसळत होती, मी पुसत होते. मी विचारलं, आजी शेवटी मावशीबद्दल काही बोलली का? शाळेबद्दल वगैरे?

मामीने हात थांबवला नाही. "सव्वा वर्ष मी त्यांचं केलं. मला एकदा म्हणाल्या न्हाईत, बरं करतीस म्हणून. आता तुमच्या मावशींबद्दल माझ्याजवळ बोलणार व्हत्या?" मग थोड्या वेळाने, "एवढं खरं, येसर मी केला की चाखून गप बसायच्या. कमी असतं तर बोलल्या असत्या."

दिवस तिसरा : भिलवडी, औदुंबर, सांगली

ऊन इतकं की या दिवसाचं फार काही आठवत नाही. भिलवडीला आईची एक मैत्रीण असते, नर्सिंगला बरोबर होती. हिरव्या झाकणाची बरणी तिची. ती ड्यूटीवर होती, दहा मिनिटं बाहेर आली, बरणी हातात घेऊन रडली, आणि परत आत गेली. जाताना म्हणाली, थांबा, काहीतरी देते. आम्ही पळ काढला. पुढे औदुंबरला दत्ताच्या पादुकांचं दर्शन. कृष्णा खाली घाटापासून लांब गेलेली, नदीच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती. मामाला झाडाखाली अर्धा तास झोप लागली.

संध्याकाळी सांगली. आयर्विन पुलावरून येताना आईने सवयीने खाली बघितलं. सांगलीच्या माणसाला ही खोड असते. १९२९ पासून उभ्या असलेल्या ह्या पुलाची पातळी म्हणजे आमचं पंचांग : ४० फूट इशारा, ४५ धोका.

आमच्या घराच्या जिन्याजवळ भिंतीवर दोन रेघा आहेत. खालची २००५ ची, वरची २०१९ ची. २०१९ ला पातळी ५७ फुटांच्या वर गेली. त्याच पुरात ब्रह्मनाळला बोट उलटली, ते सांगलीत अजून कुणी सहज बोलत नाही. तेव्हा आजी गावी होती. पण २००५ ला ती इथेच होती, आणि मी चौदा वर्षांची.

ती इथे का होती तेही सांगते. आईचं लग्न झालं तेव्हा ती सातवी पास. बाबांनी आणि तिने मिळून ठरवलं आणि तिने सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी दिली. नापास झाली, परत दिली. मग नर्सिंगला नंबर लागला आणि नेमकी मी झाले. बाबांची नोकरी फिरतीची. आजी गावाहून आली ती महिनाभरासाठी, लुगड्याच्या दोन घड्या घेऊन. सोळा वर्षं राहिली. रान वाट्याने दिलं, म्हशी विकल्या. आईची नाइट असली की मी आजीच्या कुशीत. शाळेत माझा डबा ती मधल्या सुट्टीत गरम घेऊन यायची, फाटकाच्या गजांतून द्यायची. पोरी हसायच्या. मी एकदा तिला म्हणाले, सकाळीच दे ना डबा, तू येऊ नकोस. तेव्हापासून ती कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात डबा ठेवून जायला लागली. पण गरमच.

आईला हे मिळालं आणि मावशीला नाही. आजीने ते मावशीच्या हिशेबातून वळतं केलं की स्वतःच्या, मला अजून कळलेलं नाही. मावशीला विचारलं तर ती म्हणते, "धाकटीचं नशीब."

तर २००५ चा पूर. पाणी जिन्याच्या सातव्या पायरीला आलं तेव्हा जवानांची रबरी बोट आली. आजीने आधी मला बसवलं, मग शेजारच्या दोन म्हाताऱ्यांना, मग स्वतः. काखेत गाठोडं. जवान हिंदीत म्हणाला, सामान नको. आजी मराठीत म्हणाली, सामान न्हाई, चटणी हाय. निवारा केंद्र एका शाळेत होतं, तिथे दोन वेळा खिचडी मिळायची, फिकी. आजी वर्गावर्गातून फिरून प्रत्येकाच्या खिचडीवर चिमूट चिमूट येसर टाकायची. चौथ्या दिवशी लोक तिला हाका मारून बोलवायला लागले. आमच्या गल्लीतल्या ज्या तीन घरांचे डबे डिकीत होते, त्या तिन्ही घरांशी ओळख त्या शाळेत झालेली. त्याआधी सात-आठ वर्षं आम्ही समोरासमोर राहत होतो, पण नमस्कारापुरतंच.

दिवस चौथा : सांगली

तीन डबे सकाळी तासाभरात पोचले. एका घरी कृष्णाकाठची वांगी, एका घरी भडंग, तिसऱ्या घरी नुसतंच, आजी कशी होती. ह्या तिसऱ्यांकडे जास्त वेळ गेला.

दुपारी आईने ओट्यावर मोजणी केली. अकरा घेऊन निघालो होतो, दहा दिली. घरात आता पितळी डबा धरून पाच परकी भांडी. करवंदांचा डबा, खिरीचा, वांगी ज्या पातेल्यात आली ते, आणि एक चौथा, जो कुठून आला ते कुणालाच आठवेना. मामा म्हणाला, पुढच्या वर्षी परत. आई म्हणाली, तुझी बायको भरणार, तू काय बोलतोस.

राहिला व. शे. तिन्ही घरी दाखवला होता. कुणाचा नाही. गल्लीत जुन्या लोकांना विचारून झालं. शेटे आडनावाचे एक गृहस्थ निघाले, ते म्हणाले आमच्याकडे पितळ नव्हतंच. शेवटी मावशीच म्हणाली, भांडीवाल्याला दाखवू, नाव घालणाऱ्याची ओळख पटेल कदाचित.

गणपती पेठेत एक जुनं दुकान. गल्ल्यावर सत्तरीचे गृहस्थ. त्यांनी डबा उलटा केला, चष्मा कपाळावर नेला, अंगठ्याने ठिपके चाचपले.

"मोडीत द्यायचाय?"

"नाही. कुणाचा आहे ते बघायचंय. व. शे. म्हणजे कोण?"

ते आमच्याकडे बघत राहिले. "वजन शेर," म्हणाले. "दीड. पितळ वजनावर विकायचे ना, भांड्यालाच वजन घालून ठेवायचे. हे नाव नाही, बाई."

मामा हसायला लागला. चार दिवस आम्ही दीड शेराला आडनाव शोधत होतो.

"आता किलो घालतात?" मी विचारलं.

"किलो येऊन साठ वर्षांवर झाली. १९५६ ला कायदा झाला, मग हळूहळू शेर गेला. हा त्याच्या आधीचा. किंवा अगदी त्याच वेळचा." त्यांनी झाकण काढून आत बघितलं. "वापरलेला दिसत नाही फारसा. कल्हई गेलीय, पण आत काळं नाही."

मावशी स्टुलावर बसली होती. ती म्हणाली, "आमच्या घरात तेव्हा पितळ न्हवतं. आज्जी सांगायची. मातीची आन् जर्मनची भांडी. हा आईच्या माहेराहून आलाय."

"रुखवताचा?"

"रुखवताचं चुलत्यानं विकलं. हा शिदोरीचा आसंल. पाठवताना देतात तो." ती जरा थांबली. "भरून आला आसंल."

आई काहीतरी म्हणणार होती, पण म्हणाली नाही. बामणोलीला हा डबा डिकीत तळाशी होता. वहिनीच्या अंगणापासून वीस पावलांवर.

दुकानदार डबा आमच्यापुढे सरकवून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले होते. मावशीने तो उचलला, पदराने बूड पुसलं.

"अहो," ती म्हणाली, "सांगलीत कल्हईवाला आता कुठं बसतो?"